स्वरतंतुशोष व त्यावरील शस्त्रक्रिया

स्वरयंत्रातील स्वरतंतूंचे (स्वररज्जूंचे) ऊतक झिजून त्यांचे घनफळ कमी होणे आणि त्यामुळे आवाज काढताना त्यांच्या कडा एकमेकींना पूर्णपणे न भिडणे, या विकृतीस स्वरतंतुशोष किंवा स्वरतंतूंची अपपुष्टी म्हणतात. या विकृतीत आवाज क्षीण, हवामिश्रित व लवकर थकणारा होतो. वार्धक्य आणि स्वरयंत्राच्या तंत्रिकेचा (मज्जातंतूचा) पक्षाघात ही तिची दोन प्रमुख कारणे होत. स्वरव्यायामाने पुरेसा गुण न आल्यास शस्त्रक्रियेने स्वरतंतूंना आधार देऊन त्यांच्यामधील फट बुजविता येते. मात्र फट बुजविणे आणि झिजलेले ऊतक पुन्हा निर्माण करणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली आज बऱ्याच अंशी साध्य झाली आहे. दुसरी अद्याप मुख्यतः संशोधनाच्या कक्षेत आहे. या चिकित्सेतील पद्धतींची निवड, तिच्या मर्यादा आणि तिच्यापासून रुग्णाने ठेवावयाची अपेक्षा या सर्वांचा उलगडा या भेदावरून होतो.

रचना व कार्य : स्वरतंतू नावाप्रमाणे दोऱ्यासारखे नसून श्वासमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून आत आलेल्या मांसल घड्या आहेत. त्यांची पुढची टोके अवटू उपास्थीच्या (गळ्यावर पुढे उंचवट्याच्या रूपाने दिसणाऱ्या कूर्चेच्या) आतील पृष्ठभागावर एकमेकांजवळ जोडलेली असतात, तर मागची टोके दर्वीकल्प (पळीच्या आकाराच्या) उपास्थींच्या जोडीला जोडलेली असतात. या उपास्थी फिरल्या व सरकल्या म्हणजे स्वरतंतू दूर जातात किंवा जवळ येतात. त्यांच्यामधील जागेस स्वरद्वार म्हणतात. श्वास घेताना ते उघडे असते. बोलताना, खोकताना आणि गिळताना ते मिटते. स्वरतंतूंची लांबी प्रौढ पुरुषात सु. १७ ते २१ मिमी. व प्रौढ स्त्रीत सु. ११ ते १५ मिमी. असते.

मिटलेल्या स्वरद्वाराखाली फुप्फुसांतून येणाऱ्या हवेचा दाब वाढला म्हणजे स्वरतंतू विलग होतात आणि हवेचा झोत निसटतो. लगेच त्यांच्या स्वतःच्या लवचिकपणामुळे व वेगाने जाणाऱ्या हवेच्या दाबात होणाऱ्या घटीमुळे ते पुन्हा एकत्र येतात. हे आवर्तन बोलताना पुरुषांमध्ये सेकंदाला सु. १०० ते १३० वेळा, तर स्त्रियांमध्ये सु. २०० ते २२० वेळा घडते. ध्वनिनिर्मितीची ही उपपत्ती डच शास्त्रज्ञ यानविलेम व्हान देन बेर्ख यांनी १९५८ मध्ये सुसंगतपणे मांडली. तीनुसार प्रत्येक आवर्तनात स्वरद्वार क्षणभर पूर्ण मिटणे महत्त्वाचे असते. ते मिटले नाही, तर हवा सतत गळत राहते आणि श्वासातील ऊर्जेचे ध्वनीत नीट रूपांतर होत नाही.

स्वरतंतूची अंतर्रचना स्तरित असते. सर्वांत बाहेर पातळ अधिस्तर, त्याखाली आधारऊतकाचे उथळ, मधला व खोल असे तीन थर आणि सर्वांत आत स्नायू, असे हे पाच स्तर होत. उथळ थर जेलीसारखा मऊ असतो. जर्मन शारीरविज्ञ फ्रीड्रिख राइंके यांनी १८९५ मध्ये त्याचा अभ्यास केल्यामुळे त्याला ‘राइंके अवकाश’ असे नाव मिळाले आहे. मधल्या थरात लवचिक तंतू आणि खोल थरात कोलॅजेन तंतू अधिक असतात. जपानी वैद्य मिनोरू हिरानो यांनी १९७४ मध्ये असे दाखवून दिले, की कार्याच्या दृष्टीने स्वरतंतूचे दोन भाग पडतात : स्नायूचा भरीव ‘गाभा’ आणि त्यावर सैलपणे लहरणारे मऊ ‘आवरण’. आवाजाची ताकद व स्वरद्वाराचे मिटणे ही प्रामुख्याने गाभ्यावर अवलंबून असतात. आवाजाचा गोडवा व स्वच्छपणा हे आवरणाच्या लहरण्यावर अवलंबून असतात. शोषाने यांपैकी कोणता भाग बिघडला आहे, हा शस्त्रक्रियेपूर्वीचा कळीचा प्रश्न असतो. [⟶ स्वरयंत्र].

कारणे : वार्धक्यात शरीरातील इतर स्नायूंप्रमाणे स्वरतंतूंतील स्नायूही बारीक होतो. आधारऊतकातील लवचिक तंतूंचे प्रमाण व गुणवत्ता घटते, कोलॅजेन तंतूंची मांडणी विस्कळित होते आणि ऊतकात पाणी धरून ठेवणाऱ्या हायल्यूरॉनिक अम्लासारख्या द्रव्यांत बदल होतात. परिणामी स्वरतंतूची सरळ कड आत दबून धनुष्यासारखी कमानदार होते. हा बदल पुरुषांमध्ये विशेषत्वाने दिसतो. उतारवयात पुरुषाचा आवाज किंचित चढा व पातळ होतो, तर स्त्रीचा आवाज ऋतुनिवृत्तीनंतर बहुधा खालच्या पट्टीत जातो. वयोमानाने क्षीण झालेल्या या आवाजास जराजन्य स्वरदौर्बल्य म्हणतात. मात्र वृद्ध व्यक्तीचा प्रत्येक स्वरदोष वयामुळेच आहे असे मानणे धोक्याचे असते. स्वरयंत्राचा कर्करोग, फुप्फुसांचे विकार व कंपवात यांची सुरुवातही आवाजातील बदलाने होऊ शकते.

दुसरे प्रमुख कारण म्हणजे तंत्रिकेची इजा. स्वरतंतूंच्या बहुतेक स्नायूंना परावर्ती स्वरयंत्र तंत्रिका चेतना पुरविते. ही तंत्रिका मेंदूकडून थेट स्वरयंत्रात न येता गळ्यातून खाली उतरते आणि पुन्हा वर वळते. डावीकडील तंत्रिका तर छातीत जाऊन महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते. तिच्या या लांब मार्गामुळे अवटू ग्रंथीवरील व छातीतील शस्त्रक्रिया, फुप्फुसाचा कर्करोग, अन्ननलिकेचे विकार इत्यादींत तिला इजा पोहोचू शकते. इ. स. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलेन यांनी डुकराच्या मानेतील या तंत्रिका कापल्यावर त्याचे ओरडणे बंद होते असे दाखविले होते. चेतना तुटलेला स्वरतंतू हलत तर नाहीच, शिवाय त्याचा स्नायू काही महिन्यांत वाळू लागतो. कित्येकदा तंत्रिकेची इजा आपोआप भरून येते, तर कित्येकदा कारण सापडतही नाही. [⟶ अवटू ग्रंथी].

यांखेरीज स्वरतंतूच्या कडेवर लांबीच्या दिशेने पडलेली खाच, गळ्यावरील किरणोपचार, पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा व्रण, कंपवात व दीर्घकालीन कृशता यांमुळेही स्वरतंतू बारीक किंवा ताठ होतात. खाच व व्रण यांत मुख्य बिघाड आवरणात असतो, ही गोष्ट उपचारांच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

लक्षणे : आवाज फुसफुशीत, कमजोर व एकसुरी होतो. एका श्वासात पूर्वीइतके लांब वाक्य पुरे करता येत नाही. दिवस चढेल तसा आवाज बसत जातो. गोंगाटात, मोठ्या खोलीत किंवा दूरध्वनीवर बोलणे कठीण होते. फट भरून काढण्याच्या प्रयत्नात रुग्ण गळा आवळून बोलतो. त्यामुळे खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या छद्म-स्वरतंतूंच्या घड्या जवळ येतात, आवाज घोगरा होतो आणि गळा दुखू लागतो. स्वरद्वार नीट मिटत नसल्यास खोकल्यालाही जोर राहत नाही. तंत्रिका-पक्षाघातात पाणी पिताना ठसका लागणे व अन्नकण श्वासनलिकेत जाणे हे प्रकार घडून फुप्फुसशोथाचा धोका संभवतो.

शिक्षक, वकील, कीर्तनकार, गायक, नट यांच्या बाबतीत ही विकृती उपजीविकेवर आघात करते. पण तिचा सर्वांत दूरगामी परिणाम निवृत्त व वृद्ध व्यक्तींवर होतो. पुन्हापुन्हा ‘काय म्हणालात?’ असे विचारले जाऊ लागले, की अशी व्यक्ती बोलणेच कमी करते. जोडीदाराची श्रवणशक्तीही वयाने कमी झालेली असल्यास घरातील संभाषण जवळजवळ थांबते. या एकाकीपणाकडे वय झाल्याचे साहजिक लक्षण म्हणून पाहिले जाते आणि उपचार होऊ शकतो हे लक्षातच येत नाही.

निदान : जिवंत माणसाचे स्वरतंतू आरशाच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहण्याची पद्धत मान्वेल गार्सीआ (१८०५–१९०६) या स्पॅनिश गायनशिक्षकांनी १८५४ मध्ये स्वतःवर प्रयोग करून शोधली. आता नाकातून घालावयाच्या लवचिक किंवा तोंडातून घालावयाच्या ताठ दुर्बिणीने स्वरयंत्र पाहतात. स्वरतंतूंची कंपने डोळ्यांना दिसण्याइतकी मंद नसतात. म्हणून स्ट्रोबोस्कोप या उपकरणाने कंपनांच्या कंप्रतेपेक्षा किंचित वेगळ्या कंप्रतेचे प्रकाशझोत टाकतात. त्यायोगे कंपने संथ गतीने होत असल्याचा भास होतो. शोषात स्वरतंतूंच्या कडा आत दबलेल्या, मागचे टोकदार प्रवर्ध ठळक आणि मिटलेल्या स्वरद्वारात चातीच्या आकाराची (मध्ये रुंद व दोन्ही टोकांस निमुळती) फट आढळते. त्याच वेळी आवरणावरील लहर नीट सरकते की अडखळते, हेही पाहतात. लहर शाबूत असेल, तर फट बुजविल्याने आवाज सुधारण्याची शक्यता चांगली असते. ती नष्ट झालेली असल्यास केवळ फट बुजवून स्वच्छ आवाज मिळत नाही.

एका श्वासात ‘आ’ हा स्वर किती वेळ टिकतो, ही सोपी चाचणीही उपयुक्त असते. निरोगी प्रौढ व्यक्ती तो साधारणपणे १५ ते २५ सेकंद टिकविते. १० सेकंदांपेक्षा कमी काळ हे बहुधा हवेच्या गळतीचे किंवा श्वसनदौर्बल्याचे निदर्शक असते. स्वरदोषाचा दैनंदिन जीवनावर होणारा परिणाम मोजण्यासाठी १९९७ मध्ये तयार झालेली ३० प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. पक्षाघातात स्नायूच्या विद्युत्‌ आलेखावरून तंत्रिका सुधारण्याची शक्यता अजमावता येते. तसेच मान व छाती यांची क्ष-किरण संगणकीय छेदप्रतिमा घेऊन मूळ कारण शोधावे लागते.

शस्त्रक्रियेपूर्वीचे उपचार : जराजन्य शोषात पहिला उपचार स्वरव्यायामाचा असतो. श्वासावर नियंत्रण, स्वर हळूहळू चढविणे व उतरविणे, तो दीर्घकाळ टिकविणे व ठासून बोलणे यांचा नियमित सराव वाक्‌चिकित्सक करवून घेतो. व्यायामाने स्नायूची ताकद व समन्वय वाढतो आणि गळा आवळण्याची सवय सुटते. बऱ्याच रुग्णांना एवढ्यानेच पुरेसा गुण येतो. जे नेमाने व्यायाम करूनही समाधानी नसतात किंवा ज्यांच्या स्वरद्वारातील फट मोठी असते, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार करतात. शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम चालू ठेवणे इष्ट असते.

इतिहास : आवाज सुधारण्यासाठी करावयाच्या शस्त्रक्रियांच्या शाखेस स्वरशल्यचिकित्सा म्हणतात. तिचा आरंभ पक्षाघाताच्या उपचारांतून झाला. जर्मन वैद्य व्हिल्हेल्म ब्रूनिंग्स यांनी १९११ मध्ये लुळ्या स्वरतंतूत पिचकारीने पातळ केलेले पॅराफीन भरून तो फुगविला. आवाज तत्काळ सुधारला. परंतु पॅराफीन जागेवरून सरकते व त्याभोवती गाठी होतात असे आढळल्याने ती पद्धत सोडून द्यावी लागली. एर्व्हिन पायर यांनी १९१५ मध्ये अवटू उपास्थीचा तुकडा बाहेरून आत दाबून स्वरतंतू मध्यरेषेकडे ढकलण्याची कल्पना मांडली. फिनलंडमध्ये मेऊर्मान यांनी १९५२ मध्ये त्यासाठी बरगडीच्या कूर्चेचा तुकडा वापरला. आजच्या पद्धतींचे दोन्ही प्रवाह, म्हणजे आतून भरणे व बाहेरून ढकलणे, असे प्रारंभीच दिसून येतात.

गॉडफ्री आर्नल्ड यांनी १९६२ च्या सुमारास टेफ्लॉन या बहुवारिकाचा लगदा अंतःक्षेपणासाठी प्रचारात आणला आणि पुढील सु. दोन दशके ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. टेफ्लॉन शोषले जात नाही हा तिचा गुण मानला गेला होता. तोच पुढे दोष ठरला. काही वर्षांनी त्याभोवती कणार्बुदे (परकीय पदार्थाविरुद्धच्या प्रतिक्रियेतून होणाऱ्या गाठी) होऊन स्वरतंतू दगडासारखा कठीण होई आणि तो पदार्थ पूर्णपणे काढून टाकणे जवळजवळ अशक्य असे. त्यामुळे चांगले पर्याय उपलब्ध होताच टेफ्लॉन मागे पडले. स्वरतंतूत घालावयाचा पदार्थ केवळ टिकाऊ असून भागत नाही, तो मऊ व ऊतकाशी जुळणारा हवा, हा धडा या अनुभवातून मिळाला.

जपानमधील क्योटो येथील शल्यविशारद नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ मध्ये अवटू उपास्थीवरील शस्त्रक्रियांचे चार प्रकार पद्धतशीरपणे मांडले : (१) स्वरतंतू मध्यरेषेकडे ढकलणे, (२) तो बाहेर सारणे, (३) तो आखूड व सैल करणे आणि (४) तो लांब व ताठ करणे. यांपैकी पहिला प्रकार पक्षाघाताप्रमाणेच शोषातही उपयोगी पडतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. स्वरतंतूला हात न लावता त्याच्या भोवतीचा सांगाडा बदलून आवाज बदलणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. १९८० नंतर तिचा प्रसार जगभर झाला. भारतातही मुंबईसह अनेक मोठ्या शहरांतील रुग्णालयांत या शस्त्रक्रिया केल्या जातात.

अंतःक्षेपण : या पद्धतीत स्वरतंतूच्या स्नायूत किंवा त्याच्या बाहेरील बाजूस सुईने भरणद्रव्य सोडतात. त्यामुळे आत दबलेली कड फुगून मध्यरेषेकडे येते. द्रव्याचे प्रमाण बहुधा १ मिलि.पेक्षा कमी असते. सुई योग्य खोलीवर असणे अत्यावश्यक असते. द्रव्य चुकून राइंके अवकाशात गेल्यास आवरण ताठ होते, लहर थांबते आणि आवाज पूर्वीपेक्षाही बिघडतो.

अंतःक्षेपण दोन रीतींनी करतात. पहिलीत रुग्णास पूर्ण बेशुद्ध करून तोंडावाटे स्वरयंत्रदर्शक नळी घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली द्रव्य भरतात. दुसरीत रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो. नाक व घसा औषधाने बधिर करून नाकातून दुर्बीण घालतात आणि गळ्याच्या त्वचेतून किंवा तोंडावाटे वाकड्या सुईने द्रव्य सोडतात. दुर्बिणीतील चित्र पडद्यावर दिसत असते व रुग्णाला मधूनमधून बोलावयास लावून परिणाम ऐकता येतो. वृद्ध व हृद्‌रोगी व्यक्तींमध्ये पूर्ण शुद्धिहरण टाळता येते, हा दुसऱ्या रीतीचा मोठा फायदा होय.

भरणद्रव्यांत टिकाऊपणानुसार फरक आहेत. कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोजाच्या जेलीचा परिणाम सु. दोन ते तीन महिने टिकतो. हायल्यूरॉनिक अम्लाचे निरनिराळे प्रकार काही महिने, कधीकधी त्याहून अधिक काळ टिकतात आणि त्यांचा मऊपणा आवरणाशी बराच जुळतो. हाडे व दात यांतील खनिजाशी साम्य असलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटाचे सूक्ष्म गोलक जेलीत मिसळून घातल्यास परिणाम सु. एक वर्ष किंवा अधिक काळ राहतो. गायीगुरांपासून मिळविलेले कोलॅजेन १९८० नंतरच्या काळात वापरले जाई. त्यासाठी अधिहर्षतेची (ॲलर्जीची) चाचणी आधी करावी लागे.

रुग्णाच्या स्वतःच्या पोटावरील किंवा मांडीवरील वसा (चरबी) काढून, स्वच्छ करून स्वरतंतूत भरण्याची पद्धत १९९० नंतर रूढ झाली. वसा मऊ असते व शरीराला परकी नसते. मात्र तिचा काही भाग हमखास शोषला जातो आणि तो किती, हे आधी सांगता येत नाही. म्हणून ती गरजेपेक्षा अधिक भरतात. परिणामी पहिले काही आठवडे आवाज दाटलेला व घोगरा राहतो आणि नंतर सुधारतो. उरलेली वसा वर्षानुवर्षे टिकू शकते.

अल्पकाळ टिकणाऱ्या द्रव्याचा आणखी एक उपयोग आहे. कायमची शस्त्रक्रिया केल्यास आवाज कसा होईल, याची चाचणी त्यामुळे घेता येते. रुग्णाला तो आवाज आवडला, तर पुढचे पाऊल टाकता येते. न आवडल्यास द्रव्य आपोआप विरून जाते. पक्षाघातात तंत्रिका सुधारते का, याची सहा ते बारा महिने वाट पाहत असतानाही अशा अंतःक्षेपणाने रुग्णाचे बोलणे व गिळणे सुकर होते.

अवटू-उपास्थि-संधान : इश्शिकी यांचा हा पहिला प्रकार दीर्घकालीन सुधारणेसाठी करतात. तो बहुधा स्थानिक संवेदनाहरण करून व रुग्णाला हलकी गुंगी देऊन करतात. गळ्यावर आडवा छेद घेऊन अवटू उपास्थी उघडी करतात. पुढील मध्यरेषेवर उपास्थीची वरची खाच व खालची कड यांच्या साधारण मध्यावर स्वरतंतूंची पातळी असते. तीनुसार मोजमाप करून उपास्थीत सु. ५ ते ६ मिमी. उंच व १० ते १२ मिमी. लांब अशी आयताकार खिडकी पाडतात. खिडकीतून सिलिकोनाची कोरलेली पाचर, गोरटेक्स नावाच्या छिद्रयुक्त पदार्थाची पट्टी किंवा टायटॅनियमाचे तयार रोपण आत बसवितात. त्यामुळे स्वरतंतू मध्यरेषेकडे सरकतो. श्वासमार्गाचे श्लेष्मल अस्तर कोठेही फाटणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

या शस्त्रक्रियेचे वेगळेपण असे, की ती चालू असताना रुग्ण बोलतो. शल्यविशारद रोपण थोडे पुढे, मागे, आत किंवा बाहेर सरकवितो. रुग्ण अंक मोजतो किंवा स्वर लावतो आणि ज्या जागी आवाज सर्वांत भरीव ऐकू येतो तेथे रोपण पक्के करतात. येथे वेळेचे भान ठेवावे लागते. शस्त्रक्रिया लांबल्यास ऊतकावर शोफ (सूज) येऊन फट आपोआप भरते, आवाज चांगला भासतो आणि रोपण कमी आत बसविले जाते. सूज ओसरल्यावर फट पुन्हा दिसू लागते.

जराजन्य शोषात दोन्ही स्वरतंतू बारीक झालेले असल्यामुळे हे रोपण बहुधा दोन्ही बाजूंना करावे लागते. एका बाजूच्या पक्षाघातात निरोगी स्वरतंतू मदतीला असतो; म्हणून तेथे मिळणारा फरक जास्त नाट्यपूर्ण असतो. दोन्ही बाजूंच्या शोषात सुधारणा होते, पण ती तुलनेने माफक असते. पक्षाघातात स्वरद्वाराच्या मागच्या भागात मोठी फट उरत असल्यास दर्वीकल्प उपास्थी टाक्याने ओढून योग्य स्थितीत वळविण्याची शस्त्रक्रियाही जोडून करतात. तीही इश्शिकी यांनीच १९७८ मध्ये वर्णन केली.

तंत्रिकापुनर्योजन : पक्षाघातजन्य शोषात गळ्यातील दुसऱ्या एका तंत्रिकेचे टोक स्वरयंत्राच्या तंत्रिकेला जोडून स्नायूला पुन्हा चेतना देता येते. असा प्रयत्न चार्ल्स फ्रेझर यांनी अमेरिकेत १९२४ मध्ये केला होता. सूक्ष्मशल्यतंत्राच्या विकासामुळे १९८० नंतर तो पुन्हा पुढे आला. स्वरतंतूची हेतुपूर्वक हालचाल बहुधा परत येत नाही, परंतु स्नायूला ताण व भरीवपणा मिळून त्याचा शोष थांबतो. परिणाम दिसण्यास काही महिने लागतात; तोपर्यंत तात्पुरते अंतःक्षेपण करतात. वय वाढेल तशी तंत्रिकेची वाढण्याची शक्ती कमी होत असल्याने ही पद्धत तरुण रुग्णांना अधिक लाभते. जराजन्य शोषात तंत्रिका तुटलेली नसल्याने तिचा नेहमीचा उपयोग नाही.

आवरणाची पुनर्रचना : खाच व व्रण यांत आवरण स्नायूला चिकटून बसते. ते सोडवून मध्ये वसा किंवा स्नायुवेष्टनाचा पातळ तुकडा ठेवण्याच्या शस्त्रक्रिया करतात. त्यांचे यश मर्यादित व अनिश्चित असते. १९९९ मध्ये स्टीव्हन ग्रे व सहकाऱ्यांनी अवटू उपास्थीतील लहान छिद्रातून या थरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग सुचविला. ऊतकाची वाढ घडविणारी प्रथिने स्वरतंतूत टोचून आवरण पुन्हा मऊ करण्याचे प्रयत्नही होत आहेत. जपानमध्ये २००८ मध्ये स्वरतंतुशोषाच्या रुग्णावर अशा वृद्धिकारक प्रथिनाचा वापर केल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर तेथे हा उपचार अनेक रुग्णांवर करण्यात आला आहे. मूलकोशिका व कृत्रिम ऊतक यांविषयीही संशोधन चालू आहे.

उपद्रव : अंतःक्षेपणात द्रव्य कमीजास्त होणे, चुकीच्या थरात जाणे, रक्तस्राव व क्वचित अधिहर्षता हे उपद्रव संभवतात. उपास्थि-संधानात गळ्यात रक्त साचणे, रोपण सरकणे किंवा बाहेर येणे, जंतुसंसर्ग आणि शोफामुळे श्वासमार्ग अरुंद होणे हे धोके असतात. शेवटचा धोका विरळा असला, तरी गंभीर असल्याने दोन्ही बाजूंच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बहुधा एक रात्र देखरेखीखाली ठेवतात. रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत आधी विशेष योजना करावी लागते. रोपण त्रासदायक ठरल्यास ते काढता किंवा बदलता येते.

निवड व फलनिष्पत्ती : कोणती पद्धत निवडावयाची हे फटीचा आकार, आवरणाची स्थिती, रुग्णाचे वय, त्याच्या फुप्फुसांची ताकद आणि त्याच्या गरजा यांवरून ठरते. लहान फट व शाबूत आवरण असल्यास अंतःक्षेपण पुरते. मोठी फट असल्यास किंवा अंतःक्षेपणाचा गुण वारंवार ओसरत असल्यास उपास्थि-संधान करतात. श्वासच अपुरा असल्यास स्वरद्वार कितीही नीट मिटविले, तरी आवाजाला जोर येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस आवाजाला विश्रांती देतात. यशस्वी शस्त्रक्रियेने आवाज अधिक भरीव होतो, श्वास पुरतो, बोलण्याचे श्रम कमी होतात आणि खोकल्याला जोर येतो. मात्र तरुणपणीचा आवाज परत येत नाही. गायकाच्या बाबतीत वरच्या पट्टीतील नाजूक हरकती आवरणाच्या मऊपणावर अवलंबून असल्याने त्या पूर्ववत होतीलच असे नाही. शिवाय वयोमानाने होणारी झीज पुढे चालूच राहते व काही वर्षांनी पुन्हा उपचार लागू शकतात. या मर्यादा आधी समजावून सांगितल्या, तर बहुतेक रुग्णांना मिळालेली सुधारणा मोलाची वाटते; कारण त्यांची मागणी सहसा गाण्याची नसून जेवणाच्या पंगतीत, फोनवर व नातवंडांशी बोलताना आपले शब्द ऐकू जावेत एवढीच असते. तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ टिकणाऱ्या प्रत्येक स्वरबदलात, विशेषतः धूम्रपान वा तंबाखूसेवन करणाऱ्यांनी, स्वरयंत्राची तपासणी करून घेणे आवश्यक असते. आवाज वयामुळे बसला असे ठरविण्यापूर्वी स्वरतंतू प्रत्यक्ष पाहिले गेले पाहिजेत. [⟶ घसा, वाचा].